शास्त्र्यावांचून शिकलेली इंग्रजी

वैनगंगेच्या कांठीं वसलेलें भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठीं फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. घागरी, तांबे, पराती आणि गुंड अशीं तेथील कारागिरांनीं घडविलेलीं भांडीं दूरदूरच्या बाजारांत जात. अशा एका भांड्याची नोंद इंग्रजी कागदांत करावयाची झाली, तर ती कशी करावी? प्रश्न अगदीं क्षुल्लक दिसतो. पितळ म्हणजे 'ब्रास' आणि भांडें म्हणजे 'पॉट' किंवा 'व्हेसल', हें शाळेंतील मुलालाही ठाऊक असतें. पण 'पितळेचें' हें विशेषण आहे, आणि इंग्रजी कोशांत 'ब्रास'पासून सिद्ध झालेलें 'ब्रेझन' हें विशेषण तयारच आहे. लाकूड म्हणजे 'वुड', लाकडी म्हणजे 'वुडन'. लोकर म्हणजे 'वुल', लोकरीचें म्हणजे 'वुलन'. त्याच न्यायानें पितळेचें भांडें म्हणजे 'ब्रेझन पॉट' असें कोणी लिहिलें, तर व्याकरणाच्या कोणत्याही नियमाचा त्यानें भंग केला असें म्हणतां येणार नाहीं. तरीसुद्धां इंग्रज मनुष्य तें वाचून हंसेल. तो 'ब्रास पॉट' असें म्हणतो; आणि 'ब्रेझन' हा शब्द त्यानें निलाजऱ्या माणसासाठीं राखून ठेवला आहे.

व्याकरण ज्याला मोकळीक देतें आणि रूढि ज्याला घरांत घेत नाहीं, अशीं शब्दरूपें प्रत्येक भाषेंत असतात. परकी भाषा शिकणाराची खरी परीक्षा तेथेंच होते. नियम पाठ करतां येतात, शब्दांचे अर्थ कोशांत सांपडतात. परंतु दोन निर्दोष रूपांपैकीं चालतें रूप कोणतें, हें सांगावयास त्या भाषेंत वाढलेला मनुष्य जवळ असावा लागतो. मराठी मुलखांत इंग्रजीचा जो प्रवेश झाला, त्याच्या इतिहासांत या एका उणिवेचा भाग फार मोठा आहे. आणि नागपूर-भंडाऱ्याकडील मुलखाचें उदाहरण घेतलें असतां ती विशेष स्पष्टपणें दिसून येते.

आधीं त्या 'ब्रेझन' शब्दाची हकीकत पाहूं. प्राचीन इंग्रजींत पदार्थवाचक नामाला 'एन' हा प्रत्यय लावून 'त्या पदार्थाचें केलेलें' या अर्थाचें विशेषण सर्रास साधीत असत. सोन्याचें, दगडाचें, लोकरीचें, पितळेचें हे सर्व अर्थ त्या एका प्रत्ययानें व्यक्त होत. 'लिनन' हें कापडाचें नांवसुद्धां मुळांत असेंच एक विशेषण आहे. जवसाच्या झाडाला जुन्या इंग्रजींत 'लिन' म्हणत. त्याच्या धाग्याचें जें कापड तें लिनन. पुढें इंग्रजांनीं हळूहळू निराळी चाल धरली. नामाला प्रत्यय न लावतां तेंच नाम विशेषणाच्या जागीं बसवावयाचें, अशी ती चाल होय. 'गोल्ड रिंग', 'सिल्क गाउन', 'स्टोन वॉल', 'आयर्न बॉक्स' हे प्रयोग त्या चालीचे आहेत. जुन्या विशेषणांपैकीं कांहीं मेलीं. दगडाचें विशेषण लोपलें; चांदीचें 'सिल्व्हर्न' आज केवळ कोशांत उरलें आहे. कांहीं जशींच्या तशीं टिकलीं. 'वुडन', 'वुलन' आणि मातीच्या मडक्याचें 'अर्दन' हीं त्यांतलीं. आणि कांहीं जगलीं खरीं, पण त्यांनीं घर बदललें. 'गोल्डन' हें सोन्याच्या वस्तूपेक्षां सोन्यासारख्या रंगाला आणि सोन्यासारख्या संधीला लागूं लागलें. 'सिल्कन' मऊ केसांकडे गेलें. शिशाचें 'लेडन' ढगाळ आभाळाकडे गेलें. पितळेसारखा कठीण आणि लालीचा स्पर्श नसलेला चेहरा तो 'ब्रेझन', असा अर्थ सोळाव्या शतकांतच रूढ झाला होता. १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलांत मात्र पितळेच्या वस्तूंना 'ब्रेझन' हेंच विशेषण लाविलेलें आढळतें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. ज्यानें आपली इंग्रजी बायबलावर आणि जुन्या कवींवर घडविली, त्याला 'ब्रेझन पॉट' मुळींच खटकणार नाहीं. त्याचा शब्द चुकीचा नाहीं, जुना आहे. दोनशें-तीनशें वर्षांपूर्वींचें नाणें घेऊन तो बाजारांत आला आहे. नाणें खरें असूनही वाणी तें घेत नाहीं, एवढेंच.

मराठी मनुष्याला हा प्रकार अनोळखी वाटण्याचें कारण नाहीं, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेंत तो रोज घडतो. 'सोन्याची अंगठी' आणि 'सोनेरी अंगठी' या दोहोंत एकाच प्रत्ययाचा फरक दिसतो. पण अंगठी सोनेरी आहे असें म्हटलें कीं सराफ आधीं कसोटीचा दगड बाहेर काढील. ताट चांदीचें असतें, पडदा मात्र रुपेरी असतो. चांदीचा पडदा म्हटल्यास ऐकणाराला देवघर आठवेल. भिंत दगडी आणि पेटी लोखंडी चालते, पण मडक्याला 'मातीचें' असेंच म्हणावें लागतें. इतिहासाचा शिक्षक निराळा आणि ऐतिहासिक पुरुष निराळा; एखाद्या गुरुजींना 'ऐतिहासिक शिक्षक' म्हटलें, तर विद्यार्थी त्यांचा पुतळा उभारूं लागतील. मराठी मुलाला हे भेद कोणी शिकविले? कोणींही नाहीं. आईच्या, आजीच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून ते त्याच्या कानांत उतरले. तो व्याकरण शिकूं लागला तेव्हां त्याची निवड केव्हांच पक्की झालेली होती.

आतां भंडाऱ्याच्या मुलाच्या कानांत इंग्रजी कशी उतरावी? नागपूरचे तिसरे रघूजी भोंसले १८५३ सालीं निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसीनें त्यांचें राज्य खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. भंडारा हा त्याचा एक जिल्हा झाला. त्या काळीं जिल्ह्याचा विस्तार आजच्या गोंदिया जिल्ह्यासह होता. गोंदिया निराळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. मधल्या १८५४ सालच्या वुडसाहेबांच्या खलित्यानें सरकारी शिक्षणाची मांडणी ठरवून दिली होती: खालीं देशी भाषा, वर इंग्रजी. वरच्या कचेऱ्यांची भाषा इंग्रजी, वरच्या शिक्षणाची भाषा इंग्रजी आणि म्हणून वरच्या चाकरीचा दरवाजाही इंग्रजीच. नागपुरास हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं आणि मॉरिस कॉलेज १८८५ सालीं निघालें. परंतु नागपूरला स्वतःचें विद्यापीठ १९२३ पर्यंत नव्हतें. तोंवर या प्रांतांतील विद्यार्थ्यांची परीक्षा आधीं कलकत्त्याच्या आणि पुढें अलाहाबादच्या विद्यापीठाकडे असे. धानाच्या बांधावरून शाळेंत आलेल्या मुलाचा इंग्रजी निबंध शेंकडों कोस दूरचा परीक्षक तपाशीत असे. त्या मुलानें लिहिलेल्या वाक्यामागें कोणता मराठी विचार आहे, हें त्या परीक्षकाला कसें कळावें? त्याला दिसे तें फक्त चुकलेलें रूप. आणि त्या रूपाबरोबर मुलाचें वर्ष जाई, पुष्कळ वेळां शिक्षणही तेथेंच संपे.

याच्या उलट बाजूची हकीकत बोधप्रद आहे. इंग्रजांनीं मराठी कशी शिकून घेतली? श्रीरामपूरच्या विल्यम केरीनें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठीचा कोश छापला. त्याच्या पाठीशीं वैजनाथ पंडित होते. मोल्सवर्थ हा सोळाव्या वर्षीं सैन्यांत दाखल होऊन हिंदुस्थानांत आला. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला आणि १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति निघाली. त्या प्रचंड कामांत टॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधु जसे होते, तसें शास्त्र्यांचें एक मंडळही होतें. शब्द कोण बोलतें, कोठें बोलतें, कोणत्या प्रसंगीं बोलतें, चार माणसांत बोलावा कीं नाहीं, हें सारें त्या शास्त्र्यांना विचारतां येई. मोल्सवर्थचा कोश आजही अभ्यासकाच्या मेजावर असतो तो केवळ त्याच्या उद्योगामुळें नव्हे. त्या उद्योगाला बोलत्या माणसांची साक्ष होती म्हणून. साहेब मराठी शिके तेव्हां त्याच्याजवळ शास्त्री किंवा मुनशी बसलेला असे, दारांत शिपाई मराठी बोले, बाजारांत मराठी ऐकूं येई. मराठी मुलगा इंग्रजी शिके तेव्हां त्याच्याजवळ पुस्तक असे.

तें पुस्तकही कोणतें असे, हें पाहण्यासारखें आहे. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ सालीं 'दर्पण' पत्र काढलें, तेव्हां शेजारीं शेजारीं इंग्रजी आणि मराठी मजकूर देऊन दोन भाषांची ओळख करून देण्याचा मार्ग त्यांनीं दाखविला. १८४७ सालीं मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला. पुढें तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघर पोंचली. शब्दांची यादी, मग नियम, मग मराठींतून इंग्रजींत आणि इंग्रजींतून मराठींत करावयाचीं वाक्यें, ही तिची रचना महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना तोंडपाठ होती. व्याकरणासाठीं नेसफील्डसाहेबांचें पुस्तक असे. वायव्य प्रांताच्या शिक्षणखात्याचे संचालक राहिलेल्या या गृहस्थांनीं १८९८ सालीं आपलीं प्रसिद्ध व्याकरणें छापलीं. त्यानंतर १९३० नंतरच्या दशकांत रेन आणि मार्टिन या जोडीचें पुस्तक आलें. हा रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत होता, आणि 'बो जेस्त' ही साहसकथा लिहून त्यानें १९२४ सालीं अगदीं निराळ्याच क्षेत्रांत नांव मिळविलें.

या पुस्तकांचे उपकार थोडे नाहींत. खेड्यांतील ज्या मुलानें इंग्रज माणूस जन्मांत पाहिला नव्हता, त्याला त्यांनीं शुद्ध वाक्य लिहावयास शिकविलें. परंतु 'सोनें म्हणजे गोल्ड आणि सोन्याचें म्हणजे गोल्डन', असा एकास एक शब्द जोडून देण्याची यादीची जी पद्धत, तिच्या पोटांतच चुकीचें बीज होतें. यादीला शब्दाचा अर्थ सांगतां येतो. शब्दाचे शेजारी सांगतां येत नाहींत. आणि शब्दाचें रूप बहुधा त्याच्या शेजाऱ्यावरूनच ठरतें. लाकडाच्या मेजाला 'वुडन टेबल' म्हणतात. पण लाकडाच्या जाळाला 'वुड फायर' म्हणतात. लाकूड तेंच, मेजाशेजारीं एक रूप, जाळाशेजारीं दुसरें.

मराठी मुलाच्या नेहमींच्या चुका तपासून पाहिल्या, तर त्यांतील बहुतेकांना मराठीचा भक्कम आधार सांपडतो. भंडारा हा भाताचा जिल्हा. शेतांत उभें असतें तें धान, कांडल्यावर होतात ते तांदूळ, शिजल्यावर होतो तो भात. यांपैकीं तांदूळ मराठींत अनेकवचनी आहेत. ते आणले जातात, निवडले जातात, धुतले जातात. इंग्रजींत 'राइस' एकवचनी आहे आणि त्याला अनेकवचनाचा प्रत्यय सोसत नाहीं. तीच गोष्ट केसांची. मराठी माणसाचे केस पिकतात, इंग्रजाचा सारा केशसंभार 'हेअर' या एकवचनांत पिकतो. बातम्या मराठींत दहा असूं शकतात. 'न्यूज' हें रूप दिसावयास अनेकवचनी असूनही क्रियापद एकवचनी घेतें. मुलगा 'ॲडव्हायसेस' लिहितो, कारण मराठींत सल्ले अनेक देतां येतात. उलट 'माहिती' या शब्दाचें अनेकवचन मराठींतही कोणी करीत नाहीं. 'इन्फर्मेशन'ला अनेकवचनाचा 'एस' लावूं नये हें शिकवितांना, 'तूं कधीं माहित्या म्हणतोस काय?' असा एकच प्रश्न शिक्षकानें विचारला, तर अर्ध्या तासाचें व्याख्यान वाचेल.

क्रियापदांच्या रूपांतही असेंच आहे. मराठींत 'करणें' हें एकच रूप जें काम करतें, त्यासाठीं इंग्रजींत दोन रूपें आहेत आणि त्यांतून निवड करावी लागते. ही निवड नेहमीं केवळ शोभेची नसते. 'मजुरांनीं काम करणें थांबविलें' आणि 'मजूर काम करण्यासाठीं थांबले' यांत मराठीनें विभक्तीनें आणि शब्दयोगी अव्ययानें जो भेद दाखविला, तो इंग्रजी 'स्टॉप्ड वर्किंग' आणि 'स्टॉप्ड टु वर्क' अशा दोन रूपांनीं दाखविते. एखाद्या कारकुनानें अहवालांत एकाच्या जागीं दुसरें लिहिलें, तर संपावर गेलेले मजूर कामावर हजर असल्याची नोंद होईल. 'मला समजत आहे' या वाक्यांतील 'आहे' पाहून मुलगा 'आय ॲम अंडरस्टँडिंग' म्हणतो. त्याची तर्कशक्ति शाबूत आहे. त्याला इंग्रजांची संवय ठाऊक नाहीं, इतकेंच.

परंतु राज्यकर्त्यांच्या समाजानें या चुकांकडे अशा दृष्टीनें पाहिलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदी माणसाच्या इंग्रजीची थट्टा हा विलायतेंतील करमणुकीचा एक प्रकारच होऊन बसला. 'बाबू इंग्लिश' या नांवाखालीं १८९१ सालीं आर्नल्ड राइट यानें अशा लेखनाचे मासले गोळा करून पुस्तक छापलें. १८९७ सालीं अँस्टी या विनोदी लेखकाचें बाबू जबरजीचें पुस्तक निघालें. थट्टेचा रोख मुख्यतः बंगाली कारकुनांवर होता, पण तिचा चटका सर्व प्रांतांतील सुशिक्षितांना बसला. त्या थट्टेंत एक मोठा अन्याय होता. ज्या माणसाला मिल्टन आणि बायबल यांच्यावर इंग्रजी शिकविली, त्याच्याकडून दिवाणखान्यांतील चालू बोलीची अपेक्षा केली; आणि ज्या दिवाणखान्यांत ती बोली ऐकूं आली असती, त्याचा दरवाजा मात्र त्याला सहसा उघडा नव्हता. मोल्सवर्थला शास्त्रीमंडळ मिळालें. कारकुनाला उपहास मिळाला. दोघांच्या बुद्धींत अंतर नव्हतें, सोयींत होतें.

या उपहासाचा परिणाम दुहेरी झाला. कित्येकांनीं भीतीनें तोंड मिटलें. लिहितां येई, पण चारचौघांत एक वाक्य बोलवेना. कित्येक उलट टोंकाला गेले. इंग्रजी अचूक यावी म्हणून त्यांनीं घरांतील मराठी मागें सारली आणि मुलांशीं मोडकीतोडकी इंग्रजी बोलूं लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' सुरू केली, त्या काळीं सुशिक्षितांची ही मनःस्थिति वाढीस लागली होती. इंग्रजीचें महत्त्व शास्त्रीबोवांनीं पुरेपूर ओळखलें होतें. पण तिच्या बदल्यांत मराठी सोडावी हें त्यांना मान्य नव्हतें. शब्दरूपांच्या निवडीपुरतें बोलावयाचें, तर त्यांचीच बाजू बरोबर ठरते. ज्याला 'सोन्याचें' आणि 'सोनेरी' यांतील भेद जाणवत नाहीं, त्याला 'गोल्ड' आणि 'गोल्डन' यांतील भेद कशाच्या आधारानें सांगावा? निवड करावयाची असते, हें भान प्रथम मातृभाषेंतच येतें.

याच ठिकाणीं आणखी एक प्रश्न उभा राहतो. चालतें रूप म्हणजे कोणाचें चालतें रूप? भंडारा जिल्ह्यांत तलाव फार. कोहळी शेतकऱ्यांनीं आणि मालगुजारांनीं बांधलेल्या तलावांनीं आणि बोड्यांनीं धानाची शेती जगविली. या तलावाला इंग्रजींत काय म्हणावें? कोशांत 'लेक' आणि 'पाँड' आहेत. परंतु सरकारी दफ्तरांत शब्द आहे तो 'टँक'. हा शब्द इंग्रजांनीं हिंदुस्थानांतच उचलला. मराठी-गुजरातींतील 'टांकें' आणि पोर्तुगीजांचा 'टांके' हे त्याचे नातेवाईक. लंडनच्या माणसाला 'टँक' म्हणजे पाण्याची लोखंडी टांकी वाटते, आणि १९१६ च्या रणांगणानंतर चिलखती तोफगाडीही वाटते. पण या देशांतील पाटबंधाऱ्याच्या अहवालांत 'लेक' लिहिणाराचेंच चुकलें असें ठरेल. उभ्या धानाला इंग्रजी अहवालांत 'पॅडी' म्हणतात, तो शब्द मलायी भाषेंतून आला. यूल आणि बर्नेल यांनीं १८८६ सालीं 'हॉब्सन-जॉब्सन' नांवाच्या कोशांत असे शेंकडों शब्द गोळा केले. रेल्वेचें उदाहरण तर रोजच्या पाहण्यांतलें आहे. मुंबई-हावडा मार्गावरील 'भंडारा रोड' हें स्टेशन भंडारा शहरांत नाहीं; तें वरठीला आहे. येथें 'रोड' म्हणजे शहरांतील रस्ता नव्हे. जेथें उतरून पुढें सडकेनें त्या गांवास जावयाचें असें ठिकाण. हा अर्थ हिंदुस्थानांतील रेल्वेनें रूढ केला, आणि तो न कळणारा नवखा प्रवासी वरठीस उतरून शहर शोधीत राहील. तेव्हां इंग्रजीची रूढि एकट्या लंडनांत घडली असें नाहीं. तिचा कांहीं अंश वैनगंगेच्या कांठींही घडला आहे. जेथें ज्यांच्यासाठीं लिहावयाचें, तेथें त्यांच्यांत रुळलेलें रूप घ्यावें, हा त्यांतून निघणारा व्यवहाराचा नियम.

शिकणाराची खरी अडचण ओळखून तिच्यावर उपाय काढण्याचें काम पुढें झालें, तें पुष्कळ अंशीं आशियांतच. १९२६ सालीं फाउलरचा इंग्रजी रूढिविषयक कोश निघाला. पण तो मुख्यतः इंग्रजांचे आपसांतील वाद मिटविण्यासाठीं होता. डाक्क्यास शिक्षणखात्यांत काम करणाऱ्या मायकेल वेस्टनें बंगाली मुलांची अडचण डोळ्यांसमोर ठेवून वाचनमाला रचली. १९३५ सालच्या त्याच्या कोशांत चोवीस हजार शब्द आणि वाक्प्रचार अवघ्या १४९० सोप्या शब्दांच्या साह्यानें समजावून दिले होते. तिकडे जपानांत हॅरल्ड पामरनें कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारीं बसतो, याच्या याद्या केल्या. त्यांचा अहवाल १९३३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्याच मंडळांतील हॉर्नबी आणि त्याचे दोन सहकारी गेटनबी व वेकफील्ड यांनीं केवळ परकी विद्यार्थ्यांसाठीं एक कोश रचला. तो १९४२ सालीं, ऐन महायुद्धांत, टोकियोंत छापला गेला. ऑक्सफर्डच्या छापखान्यानें १९४८ सालीं तो पुन्हां प्रसिद्ध केला, आणि त्याच्या पुढील आवृत्त्या आजतागायत जगभर चालल्या आहेत. त्यांत कोणतें नाम मोजतां येतें व कोणतें येत नाहीं, कोणत्या क्रियापदापुढें कोणतें रूप यावें, हें खुणा करून सांगितलेलें होतें. 'ॲडव्हायसेस' लिहावें कीं न लिहावें, या प्रश्नाचें उत्तर मुलाला प्रथमच कोशांत सांपडूं लागलें. मोल्सवर्थला जो शास्त्री मिळाला होता, तो सव्वाशें वर्षांनीं पुठ्ठ्याच्या बांधणींत कां होईना, मराठी मुलाच्या हातीं आला.

तरी पुस्तकांतील शास्त्र्याला आवाज नसतो. ती उणीव रेडिओनें भरून काढली. ब्रिटिश आकाशवाणीचे इंग्रजी शिकविणारे पाठ १९४३ सालीं सुरू झाले. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं उघडलें. ज्या खेड्यांत इंग्रजी बोलणारा मनुष्य फिरकत नव्हता, तेथें घरबसल्या इंग्रजी बातम्या ऐकूं येऊं लागल्या. शंभर वर्षें डोळ्यांनीं शिकलेली भाषा कानांनीं शिकण्याची सोय झाली. २००० सालापासून महाराष्ट्रांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवूं लागले, आणि आज तर खेड्यांतील मुलाच्या हातांतील यंत्रांतूनही ती ऐकूं येते. साधनांची उणीव गेली. उपहासाची भीति मात्र पुरती गेली आहे असें दिसत नाहीं. इंग्रजीचें एक रूप चुकलें म्हणून भर वर्गांत किंवा मुलाखतींत मान खालीं घालणारीं हुशार मुलें अजूनही आढळतात.

त्या मुलांसाठीं या सव्वाशें-दीडशें वर्षांच्या अनुभवाचें सार सांगावयाचें तर तें थोडकेंच आहे. नवा शब्द एकटा घेऊं नये, शेजाऱ्यासह घ्यावा. 'ब्रास' पाठ न करतां 'ब्रास पॉट' पाठ करावें. कोशांतील पहिला अर्थ पाहून थांबूं नये, खालचें उदाहरण वाचावें. ज्या दोन रूपांत संशय पडेल, त्यांतील कोणतें कानावर अधिक वेळां आलें याची आठवण करावी, आणि कान कोरा असेल तर तो आधीं भरावा. शिकविणारानें चुकीखालीं नुसती लाल रेघ ओढूं नये. तिच्यामागचा मराठी विचार शोधून काढावा आणि मराठींतीलच दाखला देऊन तो वळवावा. चूक करणारा मुलगा बहुधा विचार करीत असतो. त्याचा विचार दुसऱ्या भाषेच्या वळणानें चाललेला असतो, इतकेंच. तें वळण ज्या शिक्षकाला दिसलें, त्याच्या वर्गांत इंग्रजी शिकतांना कोणाला मराठी सोडावी लागत नाहीं, आणि कोणाला तोंडही मिटावें लागत नाहीं.